क्वार्टरचं कुलूप
ओल्या सरकीचा वास आला की मला भोकरदन रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमधलं आमचं क्वार्टर आठवतं. वडील तिथे फिटर होते. नव्या मालकाने त्यांना कामावरून काढलं आणि आठ दिवसांत घर रिकामं करायला सांगितलं. शेवटच्या दुपारी सामान टेम्पोत चढलं, आईने खोल्या झाडून घेतल्या आणि आम्ही तिघं अंगणात येऊन उभे राहिलो. कडक उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, वारा मात्र बिलकुल नव्हता. कुलूप घेऊन आलेल्या वॉचमनने सवयीने दारातून आत विचारलं, "कोन राह्यलं का मधी?" रिकाम्या घरातून उत्तर आलं, "न्हाई, कोनीच न्हाई." आवाज वडिलांचा होता, आणि वडील तर माझ्या शेजारी तोंड मिटून उभे होते. आईने माझा हात घट्ट धरला. वॉचमनने एकदा घराकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. "काय करू, भाऊ?" त्याने विचारलं. वडील हळूच म्हणाले, "लाव कुलूप. जल्दी लाव." आता ते माझ्याकडे असतात. ऐकू चांगलं येतं त्यांना. पण बाहेरून कुणी नावाने हाक मारली तर ओ देत नाहीत, आधी माझ्याकडे बघतात, त्यांच्या आवाजात आधीच कुणी ओ दिली का, असं विचारल्यासारखं.