वाफा भरेपर्यंत

वाफेमाय सगळं वाफ्यांत मोजायची. घरात घड्याळ होतं, पण ते सुनेसाठी. शेलूबाजारचा फाटा किती लांब आहे असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "असन साठ-सत्तर वाफे." चहाला अर्धा वाफा, भांडण मिटायला दोन, आणि पाहुणा दहा वाफ्यांच्या वर बसला की ती त्याच्यासमोरच झाडू घ्यायची. एक वाफा म्हणजे मळ्यातला एक वाफा पाण्याने भरायला लागतो तेवढा वेळ. पाचेक मिनिटं होत असतील. मी कधी नीट पाहिलं नाही.

तिचं खरं नाव फक्त राशन कार्डावर होतं. आमचा मळा आणि तिचा मळा यांच्यामध्ये पाण्याचा एक दांड होता. अलीकडे आमची मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पलीकडे तिचा पालक आणि वांगी. फावडं बांधावर पडलेलं असायचं, ती पाणी टाचेनं अडवायची. एका वाफ्याच्या तोंडाशी टाच रोवून उभी राहायची, वाफा भरला की टाच काढून दुसरीकडे रोवायची. टाचांना एवढ्या भेगा होत्या की त्यांत माती कायमची बसली होती. माझ्या हातात फावडं दिसलं की म्हणायची, "लोखंडाले काय समजते, पाणी किती जोरात हाय ते."

माझं दुखणं सगळ्यात आधी तिला कळलं. बसलं की मला खाली, अवघड जागी, विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. उभी राहिले की कमी, आडवी झाले की आणखी कमी. दुसऱ्या बाळंतपणानंतर ते सुरू झालं आणि आठ वर्षं मी ते कोणाला धड सांगितलं नाही. आमच्या ह्यांना कंबर दुखते एवढंच माहीत होतं. मी उभ्याने जेवायची, उभ्याने भाजीच्या जुड्या बांधायची, जीपमध्ये जागा असली तरी मागच्या दांड्याला धरून उभी राहायची. लोकांना वाटायचं, बाई तोऱ्यात आहे.

एकदा शेजारच्या घरी मयत झाली. आमच्याकडे दुःखाच्या घरी जाणं म्हणजे बसणं. कोणी फार बोलत नाही, नुसतं बसतात. सगळ्या बायका ओसरीत बसल्या होत्या आणि मी एकटी दाराची चौकट धरून उभी होते. माझी थोरली जाऊ हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू, की काही लोकांना मेल्या माणसाचीही घाई असते. वाफेमाय त्या घरच्या सुनेला धरून बसली होती. ती उठली, माझ्याजवळ आली आणि प्रेत उचलेपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली. मी पस्तिशीची, ती सत्तरीची. ती उभी आहे म्हटल्यावर मला बोलायची कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दांडावर तिने विचारलं, "कांते, कुठं दुखते?"

मी खाली पाहिलं.

"बरं, जागेचं नाव नोको सांगू. बसल्यावर दुखते का उठल्यावर?"

"बसल्यावर."

"किती साल झाले?"

मी आठ म्हणाले. ती टाच काढायची विसरली, पालकाचा वाफा फुटला आणि पाणी पांदीच्या वाटेवर गेलं. तिचं पाणी वाया गेलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

त्यानंतर तिने आमच्या ह्यांना गाठलं. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण त्या आठवड्यात आम्ही वाशीमला गेलो, मग अकोल्याला. कोणी मूळव्याध म्हणालं, कोणी मणक्याचं म्हणालं, एकजण म्हणाला की बाईच्या मनावर ताण आहे. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. वाफेमाय सोबत आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं आणि माझं तोंड बंद. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी नाई सांगनार वो. दुखनं तुयं हाय, तं तोंडबी तुयंच पाह्यजे." मग ती ह्यांना म्हणाली, चाल, मले पाण्याचा नळ दाखव, आणि त्यांना घेऊन बाहेर गेली. जाताना नर्सबाईला सांगून गेली की तुम्ही थांबा. खोलीत आम्ही तिघेच राहिलो. मी फरशीकडे पाहत सगळं सांगितलं, आठ वर्षांचं. नळ त्या दाराजवळच होता, तरी ती परत यायला पाच-सहा वाफे लागले.

बसायच्या हाडाजवळ आत एक नस दबली होती. ऑपरेशन करून ती मोकळी केली. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना समोर उभं करून समजावलं. नस मोकळी झाली म्हणजे दुखणं लगेच गेलं असं नाही. नस फार हळू सुधारते, महिने लागतात, मध्येच वाढल्यासारखंही वाटेल. सहा आठवडे बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पुढे थोडं थोडं बसायचं, रोज थोडं वाढवायचं, आणि कळ यायच्या आत उठायचं. जीपच्या मागच्या भागात गादी टाकून, त्यावर आडवी पडून मी घरी आले.

सहा आठवडे संपले त्या दिवशी सकाळी वाफेमाय दारात आली. तिने जुन्या लुगड्याच्या दोन घट्ट गुंडाळ्या करून एकमेकींना शिवल्या होत्या, मधे मोकळी जागा ठेवून. म्हणजे हाड टेकेल आणि नस टेकणार नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, वांग्याचं रोप मोडलं तर आम्ही काडी बांधतोच की. मला तिने मळ्यात नेलं. मोटर चालू होती. बांधावर ती गुंडाळी ठेवली, पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी टाच रोवली आणि म्हणाली, "बस." पाणी मातीतून पुढे सरकत होतं, मी त्याच्याकडे पाहत होते. अर्धा वाफा भरला आणि ती म्हणाली, "ऊठ." मी म्हटलं, अजून दुखत नाही. ती म्हणाली, म्हणूनच ऊठ.

रोज असं चाललं. आठ दिवस अर्धा वाफा, मग एक. मधे चालायचं, मग पुन्हा. मोटरची लाइट दुपारची असली तर दुपारी, सकाळची असली तर सकाळी. चौथ्या महिन्यात मी सलग तीन वाफे बसत होते.

मग मी चूक केली. बाजारात भाजीवाली उभी असली की गिऱ्हाइकाला वाटतं, हिला घाई आहे, भाव पाडेल. वर्षानुवर्षं मी पडत्या भावाने भाजी विकली. त्या बाजारी मला बरं वाटत होतं. जाऊ शेजारीच होती. ती म्हणाली, एवढं नागपूर करून आली तरी आमची राणी उभीच. मी पोतं अंथरलं आणि बसले. गुंडाळी घरी राहिली होती. सांबार चांगला खपला, मेथीला मागितला तो भाव मिळाला, आणि मी पूर्ण बाजार उठेपर्यंत बसून राहिले. कळ आली तरी बसले. संध्याकाळी जीपमध्ये चढताना पाय उचलेना. पुढचे पंधरा दिवस तो विस्तव पुन्हा तसाच. मी अंथरुणातून उठले नाही. ऑपरेशन वाया गेलं असं मनाने घेतलं.

वाफेमाय आली, खाटेजवळ उभी राहिली. मला वाटलं रागावेल. तिने एवढंच विचारलं की बाजारात किती वाफे बसली. मी म्हटलं, मोजले नाहीत.

"मोजले नाई म्हनून बांध फुटला. बांध फुटला तं वाफा मरत नसते कांते. माती लावा लागते."

मी म्हटलं, "माय, मले आता जलमभर उभंच राहा लागते."

"मंग माह्या मयतीले कोन बसन? तुई जाऊ? ते बसली तं मी उठून बसीन."

मला हसू आलं आणि रडूही आलं. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "तुले माह्यापाशी बसाचं हाय. त्या दिवशी मी तुह्यासाठी उभी राह्यलो, आता तू माह्यासाठी बसजो. उद्यापासून अर्धा वाफा."

आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाफ्यापासून पुन्हा सुरू केलं. या वेळी मी हट्टाला पेटले. ती आली नाही तरी मी जायची. कोणी काही म्हटलं तर ऐकायची आणि वेळ झाली की उठायची. बाजारात दोन वाफे बसायचं, एक वाफा उभं राहायचं, असा नेमच केला. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर उभ्यानेच नाही म्हणायला शिकले. जाऊने राणी म्हटलं तर म्हणायची, "हो, राणीच हाय." वर्ष होता होता मी सलग आठ वाफे बसू लागले. त्याच्या वर अजून जात नाही. डॉक्टर म्हणाले, जाईल, घाई करू नका. मी म्हटलं, मला घाई नाही.

वाफेमाय गेल्या थंडीत गेली. आजारी पडली नाही. सकाळी पालकाला पाणी दिलं, घरी येऊन आडवी झाली आणि उठलीच नाही. तिला आंघोळ घालायला आम्ही बायका होतो. पाय मी धुतले. टाचांच्या भेगांतली माती निघेना. दोनदा गरम पाणी घेतलं, तरी निघेना. तिची सून म्हणाली, राहू दे कांताबाई, तिची हाय ते.

तिची मुलगी लांबून यायची होती, म्हणून वाट पाहायची होती. बायका बसल्या. एकीने मला सांगितलं, तू उभी राह, तुझं सगळ्यांना माहीत आहे. जाऊसुद्धा म्हणाली, की बाहेर जाऊन जरा लवंड. मी घरून गुंडाळी आणली आणि वाफेमायच्या पायाशी बसले. कोणाचं घड्याळ पाहिलं नाही. डोळ्यांपुढे तिचाच मळा घेतला आणि पहिल्या वाफ्यापासून पाणी सोडलं. पालकाचे चार, वांग्याचे चार. आठवा भरत आला तशी उठले, अंगणात एक फेरी मारली आणि परत येऊन बसले.

मुलगी दिवस मावळायच्या सुमारास आली. वाफेमायला उचलेपर्यंत मी सहादा उठले आणि सातदा बसले.