कमरेपाशी तीन मिलिमीटर

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा… पण मोजमाप मी केलंय, आणि त्याबद्दल कुणाचं ऐकून घेणार नाही.

मी स्टुटगार्टला स्कॅनरने गाड्यांचे पार्ट मोजायचं काम करत होते. मागच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे ब्राँझचं एक शिल्प आलं. चौकात बसवण्याआधी त्याचं नेमकं माप हवं होतं. डोकं नाही, हात नाहीत — नुसता वाकलेला खांदा, कंबर आणि खाली ओघळलेल्या निऱ्या. आतून पोकळ.

पहिलं स्कॅन झालं, दुसरं झालं. कमरेपाशी तीन मिलिमीटरचा फरक. अरे, ब्राँझ आहे, कणीक नाही. हॉलचं तापमान कायम वीस. स्कॅनर तपासून पुन्हा घेतलं, तर कंबर परत आत. माझ्या हाताखालचा कोल्हापूरचा मंदार म्हणाला, "ताई, एक्स-रेवाले सांगतात तसं श्वास धरायला सांगा की तिला."

मी वैतागलेच होते. म्हटलं, "बाई, घे श्वास आणि धरून ठेव."

पुढची तिन्ही स्कॅन तंतोतंत जुळली. मंदार हसायचा थांबला.

रिपोर्टमध्ये एक रकाना असतो — दोन मापांच्या मध्ये काय बदललं. मी लिहिलं, 'श्वास धरायला सांगितलं.' शेफ, म्हणजे तिकडचा साहेब, म्हणाला, "ही ओळ काढ, आधीची मापंही काढ, मग सही कर." माझा फरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, वाढवायचा की नाही हे त्याच्याच हातात होतं. मी म्हटलं, "जे झालं ते लिहिलंय. खोट्यावर सही करणार नाही."

फरट्राग वाढला नाही. नंतर दुसऱ्याने मोजलं, केसाचाही फरक आला नाही. शेफने मुद्दाम ईमेल केला — आल्झो, म्हणजे तर मग, चूक तुझीच होती. तो वाचताना माझ्या लक्षात आलं. श्वास सोड, असं मी तिला सांगितलंच नव्हतं.

शिल्प आता चौकात उभं आहे. भर दुपारी गेले. बाकांवरची माणसं बघत होती, बघू देत. कमरेवर तळवा ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "सोड गं बाई आता, झालं."

हाताखालचं ब्राँझ सावकाश आत गेलं.

कसं, ते मला माहीत नाही. मंदारलाही नाही. नोकरी गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू… पण रिपोर्टमधली ती ओळ मी आजही खोडणार नाही.