कुणाचाच नसलेला डबा

लंडनमधल्या वेम्बलीच्या आमच्या मराठी मंडळाचा मी सेक्रेटरी. माणूस नियमाचा, आणि बायकोच्या मते जरा तापट. आयडेंटिफिकेशन म्हणजे माझ्या लेखी फोटो, नाव आणि नंबर.

गणपतीच्या जेवणाला पंचवीस घरांतून स्टीलचे डबे येतात, बहुतेक सगळे ईलिंग रोडवरच्या एकाच दुकानातले. जेवणानंतर ‘हा माझा, तो तुझा’ सुरू. मी एकदा लेबलं चिकटवली, ती गरम पाण्यात सुटून सिंकमध्ये अडकली.

तेव्हा आमच्या मंडळातल्या पुष्करच्या आई मदतीला आल्या. नागपूरच्या, दरवर्षी सहा महिने मुलाकडे येतात.

“हा श्रद्धाचा, खाली पोचा आहे. अनुयाच्या डब्याला झाकण दुसऱ्याचंच आहे. आणि हा तुझा, शार्दूल, कडा घासायचा कंटाळा करतोस.”

एकही डबा चुकला नाही. मी चिडलो, पण लेबलं बंद केली.

यंदा हॉलवाल्यांनी सांगितलं, व्हॉलंटियर्सना बॅज हवेतच. मी रात्रीत छापून टाकले. काकूंच्या फोटोखाली लिहिलं, ‘पुष्करची आई’.

“माझं नाव राहिलं रे,” त्या म्हणाल्या.

“काकू, सगळे तुम्हाला असंच ओळखतात. नंतर बघू, प्लीज.”

त्यांनी बॅज लावला. चेहरा उतरलेला मला दिसला होता, तरी मी चहाचे कप मोजायला गेलो.

जेवणं झाली. काकूंनी भराभर डबे वाटले. टेबलावर एकच उरला, जुना आणि चांगला जड.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“मला नाही ओळखता येत,” काकू हाताची घडी घालून म्हणाल्या. “तूच बघ.”

यांना ओळखता येत नाही? मी डबा हॉलभर फिरवला. कुणीच हात वर करेना. शेवटी वैतागून उलटा केला. तळाशी ठोकून नाव घातलं होतं.

“सुमेधा! सुमेधा कोण आहे इथे?” मी जोरात ओरडलो.

“मी,” पुष्करच्या आई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा हॉल हसला आणि सगळ्यात जास्त त्या हसल्या. मी मार्कर काढला, त्यांच्या बॅजवरचं खोडून ठळक अक्षरात नाव लिहिलं.

“सॉरी, सुमेधाकाकू.”

त्यांनी ते दोनदा वाचलं, बॅज साडीवर नीट लावला आणि हात पुढे केला.

“आता दे माझा डबा.”