पहिल्या बेसवर टेकवलेली बॅट

क्लबचा इतिहास पहिल्या कपापासूनच का सुरू होतो? डब्लिनमधल्या आमच्या विद्यापीठाच्या बेसबॉल क्लबकडे आज कपांची रांग आहे, पण चामड्याच्या ग्लव्हचा वास आला की मला आमचा पहिला सामना आठवतो. नववा खेळाडू मिळेना, म्हणून आमच्या मूळच्या नागपूरच्या कॅप्टनताईने मला लायब्ररीतून ओढून नेलं. बरोबरीसाठी एकच रन हवी होती, ती काढायला तिसऱ्या बेसवर आमची एक जण तयार होती, शेवटची संधी माझी! ओल्या गवतावरून चेंडू सणसणत गेला आणि मी क्रिकेटच्या सवयीने बॅट घेऊनच धावले, ती बेसवर टेकवली. पाय हातभर मागेच, तोवर चेंडू बेसवर पोचला! आउट! हरलो! ताई हसत ओरडली, "अगं, बॅट नाही, पाय टेकव! मंगळवारी प्रॅक्टिसला ये!" त्या मंगळवारी नऊच्या नऊ जणी आल्या, क्लब तिथे उभा राहिला. तुमच्या क्लबचा इतिहास लिहाल, तेव्हा पहिलं पान हरलेल्या सामन्याला द्या.