चष्म्याच्या घरातली गॅसची गोळी

आमच्या घरात उदास कोणीच नाही. सगळ्यांना गॅस आहे.

बाबा गेल्यानंतर मला पुस्तक उघडून त्याच पानावर तासभर बसायची सवय लागली. (आधीही होती, पण तेव्हा पान कळत असे.) डॉक्टरांनी मनासाठी गोळी दिली. पाकिटावरचं नाव आईच्या नजरेस पडू नये म्हणून गोळ्या मी चष्म्याच्या जुन्या घरात मोकळ्या ठेवल्या आणि तिला सांगितलं, "गॅसच्या आहेत." तिच्याही गोळ्या होत्या, रिकाम्या झालेल्या कुंकवाच्या डबीत. त्या बीपीच्या.

एका दुपारी तुमसरचा मामा जेवायला आला, वडे खाऊन पोट धरून बसला. मी आंघोळीहून येतो तर आई मला म्हणाली, "बाबू, तुही गॅसची गोळी देल्ली मी याले. आता बरं वाटंल."

मामा मोटरसायकलवर बसलाच होता. ही गोळी सुरू केली त्या दिवशी मी वर्गात शिकवता शिकवता फळ्याला टेकून झोपलो होतो. मामाला तर वैनगंगेचा पूल ओलांडायचा होता.

"मामा, थांबा. ऊन उतरू द्या."

"हिवाळ्यात कायचं ऊन भाचे? धान जाऊन राहिलं माहं मिलवर."

मी किल्ली काढून घेतली आणि भिंग आणलं. कदाचित आईने चुकून स्वतःच्या डबीतली दिली असेल! माझी गोळी फिकट पिवळी, गोल, मधोमध रेघ. तिची गोळी फिकट पिवळी, गोल, मधोमध रेघ. मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"आई, तू गोळ्या मिसळल्यास."

"मी कायले मिसळू?"

"मग दोन्हीकडे माझ्याच कशा?"

"बाबू, गॅसची गोळी आहे ते. येवढा काहून घाबरून राहिला?"

मामा किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता. आता बोलणं भाग होतं.

"ती गॅसची नाही. बाबा गेल्यापासून मन लागत नाही, म्हणून घेतो."

आईने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "कोन्या डॉक्टरची?"

मी नाव सांगितलं.

"मंग बराबर आहे. माही बी त्याचीच."

"म्हंजे बाई, तुले बीपी नाही?" मामा म्हणाला.

"नाही."

"आता मले होईल बीपी."

डॉक्टरांना फोन केला. एका गोळीने काही होत नाही, पण आज गाडी चालवू देऊ नका, म्हणाले. मामा बाजेवर पडला आणि घोरू लागला. धान पुढे त्याच्याशिवायच मिलवर पोचलं.

आम्ही मायलेक ओसरीत चहा घेत बसलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"मले वाटलं, तुले कळलं तं तू खचून जाशील."

डॉक्टरांना मी आईबद्दल नेमकं हेच वाक्य ऐकवून आलो होतो. फक्त प्रमाण मराठीत.