कुणाकडेच नसलेलं गाणं

माझ्या लग्नात मी माझ्याच आजीला गाता गाता थांबवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोललेच तर तुम्ही ते फार मनावर घेणार नाही.

आमच्या आगरी लग्नात भटजीच्याही आधी धवलारीण लागते. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ असतं. त्या गाण्याला धवला म्हणतात. धवलारीण आधी देवांना बोलावते, मग गावाला, आणि मग नवरीच्या घरातल्या बायकांची नावं एकामागून एक घेत घेत शेवटी नवरीच्या नावावर येऊन थांबते. आजी आमच्या भागातली नावाजलेली धवलारीण होती. आवाज घोगरा, दात मशेरीनं काळे, आणि प्रत्येक नावाआधी एक बारीकशी खाकर. तिच्या शेजारी माझी मोठी चुलत बहीण बसायची, आजीनं टाकलेली ओळ मागून उचलायला.

आणि मी? मी दहावी पास. तीही दुसऱ्या खेपेला, पण पास. हळदीला शाळेतल्या चार मैत्रिणी आल्या होत्या. त्यांच्यासमोर गोरं दिसायचं म्हणून मी तोंडाला इतकी पावडर थापली होती, की बायकांना हळद लावायच्या आधी ती पुसावी लागली. बाहेर लाउडस्पीकरवाला सिनेमाच्या रेकॉर्डी मांडून तासभर बसलेला. इकडे आजीचा धवला काही संपेना. ही खापरपणजी झाली, ती पणजी झाली. एक मैत्रीण रुमाल तोंडाला लावून फिसकन हसली. झालं! मी भावाला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "आजीला सांग, बास झालं आता. लाउडस्पीकर लावायचाय."

त्यानं जाऊन सांगितलं. आजीनं लांबूनच माझ्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि उठून मागच्या दारानं गेली. चुलत बहीण तिच्या मागोमाग. नावं अजून माझ्या आईपर्यंतसुद्धा आली नव्हती. मला तेव्हा काय वाटलं असेल? सुटले एकदाची, असं वाटलं. भोंगा सुरू झाला आणि नवरीनं मान खाली घालून बसायचं सोडून मी गाण्याबरोबर मान डोलवत बसले. त्या मुलीला आज कुणी माझ्यासमोर आणून उभं केलं, तर आधी तिची ती पावडर मी ओल्या फडक्यानं पुसेन, मग बाकीचं बोलेन.

आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. मीही कधी विषय काढला नाही.

पुढे सासरी टेमघरला आले. घराला लागून आमचे कापड विणायचे सहा लूम. त्या खडखडाटात माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही, तिथं धवला कुठला आठवायला? नवऱ्याला जेवायला बोलवायचं तरी हातवारे करावे लागत. लूम भंगारात गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, नवराही गेला. घर इतकं शांत झालंय, की फ्रीज घुरघुरला तरी मी "काय ओ?" म्हणते.

नात काल्हेरला राहते, माझ्या मुला-सुनेबरोबर, गोदामांच्या मागे नव्या इमारती झाल्यात त्यातल्या एकीत. रविवारी माझ्याकडे येते. कानात सदानकदा गाणी ऐकायची ती पांढरी बोंडं. तिचं बारावं वर्ष संपत आलं होतं, म्हणून मी विचारलं, वाढदिवसाला काय देऊ?

"गाणं दे," ती म्हणाली.

"कुठलं?"

"ते तू ठरवायचं. मी सांगितलं तर ते गिफ्ट कसं होईल?"

आता आली का पंचाईत! मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, मोबाइलवर वर्षभराचं घेऊन टाका, जगातली सगळी गाणी येतात त्यात." जगातली सगळी गाणी म्हणजे त्यात माझं निवडणं कुठं आलं? मग मी बाजारात मोबाइलच्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं छोट्या रेडिओसारखा एक डबा काढून समोर ठेवला.

"अम्मा, ये लो. पाँच हजार पुराने गाने हैं इसमें. भजन भी."

"अरे, बच्ची के लिए चाहिए. बारा साल की."

"तो क्या हुआ, आप भी सुन लेना."

"मैं सुनूँगी तो गिफ्ट किसका हुआ रे?" म्हणत मी उठले. बारा वर्षांच्या पोरीला पाच हजार जुनी गाणी! तिनं काय पाप केलंय?

पुढच्या रविवारी नातीनंच विचारलं, "आजी, तुझ्या लग्नात कुठलं गाणं वाजलेलं?" मी मोठ्या तोऱ्यात त्या रेकॉर्डीवरचं सिनेमाचं गाणं सांगितलं. तिनं ते मोबाइलवर दोन सेकंदांत शोधलं, अर्धं ऐकलं आणि शहाण्या माणसासारखं मान हलवून म्हणाली, "छान आहे. पण हे सगळ्यांकडेच असतं ना. माझ्या वर्गात कुणाकडेच नसेल असं दे."

ती गेल्यावर मी भांडी घासायला बसले आणि तोंडात एक चाल आली. शब्द नाहीत, नुसती चाल. हात तसेच राखेत राहिले. आजीची होती ती.

त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही. भाकरी थापताना चाल यायची, पण दोन ओळींच्या पुढे काही सरकायची नाही. देव आठवायचे, गाव आठवायचं, नावांपाशी आलं की सगळं रिकामं. पणजीचं नाव काय होतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ते फक्त त्या गाण्यात होतं. ओळ सुटली याचं तरी काही नाही. पण नावाआधी आजी खाकरायची ना, ती खाकर एकदा ऐकायला मिळावी म्हणून मी काय दिलं असतं! नातीला द्यायला निघालेले, आणि मलाच ते हवं होऊन बसलं.

ते सगळं येणारी जगात एकच बाई उरली होती. चुलत बहीण, आमची ताय. पडघ्याच्या पुढे एका गावात दिली होती तिला. पुढे तीच आमच्या लोकांची धवलारीण झाली. मी तिला लहानपणी अंगठाछाप म्हणून चिडवत असे, हेही सांगून ठेवते. यादी वाढतेच आहे.

मुलाकडून मोबाइलवर आवाज भरून घ्यायला शिकले, लाल टिकली दाबायची तेवढंच, आणि एका सकाळी पडघ्याची गाडी धरली. ताय अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून तिनं हात थांबवला.

"कोन मेला?"

"कुणी नाही गं ताय. सहज आले."

"सहज येनारी तू न्हाय. बस."

मी बसले. चहा झाला. मग मोबाइल पुढे ठेवून सांगितलं, नातीला धवला द्यायचाय, तू गा, मी भरून घेते.

"मांडव कुठं हाय?"

"मांडव नाही."

"नवरी?"

"अगं, बारा वर्षांची आहे ती."

"मंग कोनाला गाऊ? या मोबाइलचा लगीन हाय?"

"चार ओळी म्हण ताय. पाया पडते तुझ्या."

"नको परूस. गुडगे धरतील, मंग तुला उठवाला मनाच लागंल."

मी गयावया केली, भांडले, पुन्हा गयावया केली. ती ढिम्म. म्हातारीनं, म्हणजे आजीनं, घालून दिलेलं हाय, मांडवाबिगर धवला गायाचा न्हाय, एवढंच पुन्हा पुन्हा. मी मोबाइल पिशवीत टाकला. डोळे भरून आले तेव्हा मान वळवून शेजाऱ्यांची म्हैस बघत बसले. तायच्या लक्षात आलंच असणार. शेंगांचं सूप पुढ्यात ओढत ती म्हणाली, "गायाचा न्हाय. पन शिकवाला काय मांडव लागत न्हाय. मी बी वाल सोलताना शिकले. पोरीला आन."

आता पोरगी येते का, हा प्रश्न. वाढदिवस रविवारी, मैत्रिणींबरोबर केक ठरलेला. मी फोन केला. "तुझं गिफ्ट पडघ्याला आहे. आणता येत नाही. जावं लागतं."



"कुणाकडेच नाहीये ना?"

"एकीकडेच आहे. तिची पंचाहत्तरी उलटली."

"मग केक संध्याकाळी करू," ती म्हणाली.

तायनं तिला बघितलं, कानातली बोंडं काढून पिशवीत ठेवायला लावली आणि पुढ्यात शेंगांचं सूप सरकवलं. पोरगी नखानं एक शेंग सोलते तोवर तायच्या चार व्हायच्या. ताय एक ओळ टाकायची, पोरगी उचलायची. आवाज बारीक, पण सूर पक्का.

"आजी, याचा अर्थ काय?" तिनं तायलाच विचारलं.

"आधी म्हन. अर्थ मंगशी येतो."

मला राहवेना. मीही मागून ओळ धरली, तर तायनं शेंगेचं साल माझ्या अंगावर टाकलं. "तू गप. तुजा सूर लूमचा हाय." पोरगी खिदळली. मी गप्प बसले. तसंही मला गायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. देव झाले, गाव झालं. मग ताय खाकरली. अगदी तशीच. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

खापरपणजीचं नाव आलं. पणजीचं आलं. नात एकेक नाव पाठोपाठ म्हणत होती, कधीही न बघितलेल्या बायकांची नावं, अशी, जशी काही वर्गातल्या मुलींची हजेरी घेतेय. आजीचं आलं. माझ्या आईचं आलं. आणि तायनं पुढची ओळ टाकली, त्यात माझं नाव होतं.

मी म्हटलं, "ताय, थांब. माझं नाव यात कसं? माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. मी आधीच आजीला उठवलं."

"उठवलं म्हणजे?" नातीनं विचारलं.

मग तिलाही सगळं सांगावं लागलं. मैत्रिणी, पावडर, लाउडस्पीकर, भावाकडून पाठवलेला निरोप. ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत राहिली. "आजी! तू?"

"मीच."

"आणि मग नाव?" तिनं तायला विचारलं.

तायनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. बोलताना ती माझ्याकडे बघत होती, पोरीकडे नाही.

"तू उठवलंस, पन धवला अर्धा टाकाचा नसतो. म्हातारी तशीच मागल्या दारी चुलीपाशी ग्येली. भाताचा टोप रटरटत व्हता, तुजा भोंगा वाजत व्हता, कोनाला काय आयकू येत नव्हता. तिथं उभी ऱ्हावून तिनं समदी नावां घेतली, शेवटाला तुजा घेतला. मांगून म्हनाला मी एकटीच व्हती. तुज्यापर्यंत जानार न्हाय हे तिला म्हाईत व्हता, पन तिनं आवाज काय खाली केला न्हाय."