काका म्हणाले, बस

काका पूर्वी विमानांच्या कंपनीत इंजिनीअर होते, आता रिटायर झालेत, इथं अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, जुन्या जमान्यातल्या विमानाचं इंजिन ठेवलंय. ते रविवारी विमानात बसवून उडवणार, आणि काकांच्या मागच्या सीटवर आमचे हे. पोरगी अजून नीट रांगतसुद्धा नाही हो!

त्या इंजिनाचा पेट्रोलचा पंप चामड्याच्या पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला की पंप थांबला, पंप थांबला की वर आकाशात इंजिन बंद. हे मला ह्यांनीच हसत हसत सांगितलं. म्हणून शनिवारी पट्ट्याची टेस्ट. इंजिन सुरू करायचं नाही, विजेच्या मोटरवर पट्टा चढवायचा, पंपानं बादलीतलं पाणी ओढायचं. पट्टा टिकला की रविवार पक्का.

एक माणूस कमी होता म्हणून मला स्विचपाशी उभं केलं. पोरगी आत काकूंकडं.

"काहून घाबरून राहिली गं?" काका म्हणाले. काका नागपूरचे. "मी सांगितलं की बंद करायचं, एवढंच."

मोटर सुरू झाली आणि पट्टा असा पळायला लागला की मला गावची पिठाची गिरणी आठवली, तिथं आई माझी ओढणी घट्ट खोचून मला लांब उभी करायची. पाणी भसाभसा येत होतं, हे खूश, माझं लक्ष आत, पोरगी रडतेय का, नाही रडत, रडतेय का, किती वेळ गेला कळलंच नाही, आणि काका ओरडले, "बस! बस!"

मला वाटलं पट्टा सुटला, डोकं खाली घे म्हणतायत. मी मटकन फरशीवर बसले.

"अगं, बस!"

"बसलेय की काका!"

तेवढ्यात फाडकन आवाज झाला. पट्टा तुटून बादलीवर आदळला, गॅरेजभर पाणी. ह्यांनी धावत जाऊन प्लग उपटला.

"अगं, बस म्हणजे पुरे, बंद कर," काका म्हणाले.

"मग बंद कर म्हणायचं ना! आमच्या साताऱ्याकडं बस म्हटलं की बसतात."

हे पोट धरून हसायला लागले. "काका, हिला ऊठ म्हणा आता, नाहीतर इथंच बसेल."

काका हसले नाहीत. पट्टा उचलून जोड बघत होते. टाके उसवले होते.

"टेस्टची वेळ पुरी झाली होती," ते हळूच म्हणाले. "म्हणून बस म्हटलं. मी पास करणार होतो हा पट्टा."

ह्यांचं हसू थांबलं.

रविवार कॅन्सल झाला. नवा पट्टा मागवलाय, परत टेस्ट आहे. काका म्हणाले, ह्या वेळी स्विचवर दुसऱ्या कुणाला उभं करू.

मी म्हटलं, नाही काका, मीच उभी राहणार. आणि तुम्ही बस म्हणा, बंद म्हणा, काहीही म्हणा, माझं मन भरल्याशिवाय मी स्विचला हात लावणार नाही.